यिशुनमधली दोन नाणी

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या व्हिएतनामी बाईंनी पहिल्याच भेटीत मला माझं वय विचारलं होतं. त्यांच्याकडे माणसाला हाक मारायची तर तो मोठा की धाकटा, हे आधी ठरावं लागतं. त्या पन्नाशीच्या, मी चाळिशीचा. तेव्हापासून मी त्यांचा धाकटा भाऊ झालो. सिंगापूरमधली आमची कंपनी पंप बनवायची आणि बाई ते व्हिएतनामच्या कारखान्यांना विकायच्या.

एक दिवस नवा करार घेऊन मी आणि माझा युरोपियन साहेब सिंगापूरच्याच यिशुन भागातल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. साहेबाने व्हिएतनामी रीतिरिवाज पाठ केले होते. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, घाई दाखवायची नाही. परीक्षेला निघालेल्या पोरासारखा तो लिफ्टमध्ये पुटपुटत होता. करारात चौदाव्या पानावर एक कलम होतं. ते मीच लिहिलं होतं. सही झाली की बाईंच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी आमच्या हाती येणार, आणि वर्षभरात त्यांना बाजूला सारून आम्ही थेट माल विकणार. बाईंचा धंदा बुडणार होता, आणि हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

भर दुपार होती, तरी उदबत्त्यांच्या धुराने आत अंधारून आलं होतं. भिंतीवर बाईंच्या दिवंगत नवऱ्याचा फोटो. धंदा मुळात नवऱ्यानेच सुरू केलेला. फोटोपुढे एक पेटती सिगारेट उभी करून ठेवली होती. तिची राख बोटभर वाढली होती, तरी पडत नव्हती.

"यांना विचारल्याशिवाय मी मोठं काही करत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी बशीत दोन जुनी, काळी पडलेली नाणी ठेवली. दोन्हींची एकेक बाजू चुन्याने पांढरी केलेली. एक पांढरं आणि एक काळं पडलं तर होकार, दोन्ही सारखी पडली तर नकार. साहेबाला गंमत वाटली. माझं आजोळ कोकणातलं, देवळात कौल लावताना मी पाहिलंय. मला हसू येईना.

बाईंनी डोळे मिटून मनातच काहीतरी विचारलं आणि नाणी टाकली. दोन्ही काळी. पुन्हा टाकली. दोन्ही पांढरी. तीनदाच विचारता येतं. पंखा चालू असूनही सिगारेटचा धूर सरळ वर जात होता. तिसऱ्यांदा एक नाणं पांढरं पडलं. दुसरं बशीच्या काठाशी बराच वेळ गरगरत राहिलं आणि काळं पडलं.

साहेबाने लगेच पेन पुढे केलं, दोन्ही हातांनी. बाईंनी ते घेतलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सही करू का, असं मी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ काहीतरी लपवतोय, तो आपणहून सांगेल का, असं विचारलं. हे हो म्हणाले."

साहेब हसत हसत चहाबद्दल काहीतरी बोलायला लागला. बाई नुसत्या वाट बघत राहिल्या, आणि फोटोतला माणूसही वाट बघतोय असं मला वाटलं.

"ताई," मी म्हणालो, "चौदावं पान उघडा."

करार फिसकटला. माझी नोकरी गेली, तिच्याबरोबर सिंगापूरमध्ये राहायचा पासही गेला. त्याचं वाईट वाटायचं तेवढं वाटून झालं. भीती अजून वाटते ती वेगळीच. त्या दुपारी आत शिरताना मी गप्प बसायचं पक्कं ठरवलं होतं. तरी नाण्यांनी हो म्हटलं, आणि मी बोललो.