गुंडोच्या अंगी लागेना

आमच्याकडे जेवायला आलेला माणूस पोटावर हात न धरता उठला, असं सहसा होत नाही. लोक याला माझं अगत्य म्हणतात. माझे यजमान उमाकांत याला जुलूम म्हणतात, आणि त्यांच्या शर्टाची ताणलेली बटणं पाहिली की त्यांचंच खरं वाटतं.

तर अशा माझ्या घरात, बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये, एक जीव वाळत चालला होता.

जीव आमच्या मुलानं, श्रीहर्षनं पाळलेला. त्याला लांब कोरमंगलात नोकरी लागली आणि तो तिथेच राहायला गेला. तिथल्या पीजीत जनावर चालत नाही, म्हणून त्यानं काचेची टाकी आमच्या हॉलमध्ये आणून ठेवली. आत अ‍ॅक्सोलोटल. फिकट गुलाबी, पालीच्या आकाराचा, पण जन्मभर पाण्यातच राहणारा. मानेशी दोन्हीकडे लाल पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. मूळचा मेक्सिकोच्या गार तळ्यांतला म्हणे. नाव गुंडो. कन्नडात गुंडू म्हणजे गोलमटोल, आणि आला तेव्हा तो नावाला साजेसाच होता.

"आई, दिवसाआड दोन गोळ्या घालायच्या. बास," जाताना श्रीहर्षनं बजावलं.

"सरी, सरी," मी मान डोलावली. मनात म्हटलं, दिवसाआड? ही काय वाढायची रीत झाली?

मी मूठभर गोळ्या टाकल्या. गुंडोनं थोड्या खाल्ल्या, उरलेल्या तळाशी बसल्या. पुढे तो कमी कमी खायला लागला. रोज तेच ते खाऊन कंटाळला असेल, असं वाटून मी इडलीचा मऊ तुकडा घालून पाहिला. मग गुरगुट्या भात, वर तुपाचा थेंब. पाण्यावर तवंग पसरला.

"मेतकूट राहिलं," उमाकांत पेपरामागून म्हणाले.

ती थट्टा होती हे मला कळलं. पण तोवर मी डबा खाली काढला होता.

हळूहळू गुंडोचं डोकं तेवढं मोठं राहिलं आणि मागचं अंग दोरीसारखं झालं. कल्ले आखडले. हसू मात्र तसंच होतं, आणि तेच बघवत नव्हतं. मी त्याची दृष्टसुद्धा काढली. मीठमिरच्या टाकीवरून ओवाळल्या. त्या पाण्यात पडल्या नाहीत, एवढी देवाची कृपा.

शेवटी श्रीहर्षनं व्हिडिओ कॉलवर त्याला पाहिलं. लगेच एका डॉक्टरचा पत्ता पाठवला.

डॉक्टर दिव्यश्री तरुण होती. पक्षी, कासवं, असलेच पेशंट बघायची. तिनं डब्यातल्या गुंडोला वरून नीट न्याहाळलं. "याचं पोट डोक्याइतकं रुंद हवं, अम्मा. खायला काय घालता?"

मी सगळं सांगितलं.

"तूप?"

"घरचं आहे," मी म्हटलं.

मग तिनं समजावलं, की उरलेलं अन्न पाण्यात कुजतं आणि पाणी विषारी होतं. त्यात हा उकाडा. आजारी जीव खाईल कसा? "तुम्ही जितकं जास्त घालाल तितका हा कमी खाणार."

"मग आता काय घालू?"

"आधी काहीच नाही. पाणी सुधारा, गार ठेवा. मग एकेक गांडूळ द्या."

"आम्ही शाकाहारी आहोत हो."

"तो नाहीये, अम्मा."

घरी आल्यावर रोज थोडं पाणी उपसायचं आणि क्लोरीन काढलेलं ताजं भरायचं, असं सुरू झालं. पाण्यावर पंखा लावला. बर्फ झालेल्या बाटल्या आळीपाळीनं टाकीत सोडल्या. पडदे ओढून आम्ही दोघं भरदिवसा अंधारात बसायला लागलो. हे सगळं जमलं. जमेना ते न वाढणं. टाकीजवळून जाताना माझा हात आपोआप गोळ्यांच्या डब्याकडे जायचा. उमाकांतांनी डबा कपाटावर ठेवला. माझा हात तिथवर पोचत नाही.

पाणी निवळलं तेव्हा मी मागच्या केळीच्या बुंध्याशी खुरपं घेऊन बसले. त्या मातीत कधी औषध मारलेलं नाही. गांडूळ मिळालं. त्याची मनातल्या मनात माफी मागून, ते धुऊन, चिमट्यानं गुंडोपुढे धरलं. गुंडोनं ते तोंडात घेतलं आणि थुंकलं.

माझ्या हातचं कुणी असं तोंडावर परत केलं नव्हतं. मी चिमटा पुन्हा पुढे केला.

"प्रेमा, आग्रह नको," उमाकांत म्हणाले.

गांडूळ काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला. गुंडो बराच वेळ दगडासारखा बसून होता. मग खपकन तोंड उघडलं आणि पाण्याबरोबर गांडूळ आत! मी एवढ्यानं ओरडले की उमाकांतांच्या हातातली कॉफी सांडली.

"अजून एक देऊ?" मी विचारलं.

उमाकांतांनी गांडुळांची वाटी पाठीमागे लपवली.

तसंच चालू ठेवलं. पावसाळा लागेतो गुंडोचं पोट भरलं, कल्ल्यांची पिसं फुलली. पुन्हा तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाली, "छान झाला की! आता दिवसाआडच द्या हं, अम्मा."

बाहेर बाकावर एक गृहस्थ मांडीवर खोकं घेऊन बसले होते. त्यांचं कासव काही खात नव्हतं. मी लगेच शेजारी टेकले आणि जाणकारासारखं सांगितलं, "आधी काहीच घालू नका. पाणी सुधारा."

"हे जमिनीवरचं कासव आहे," ते म्हणाले.

उमाकांतांनी गुंडोचा डबा उचलला आणि ऑटो आला म्हणून मला बाहेर नेलं. ऑटो आला नव्हता.