सुतकातली कोळंबी

बायकोच्या सुतकात मी कोळंबी खाल्ली, ही बातमी खोटी आहे. कोळंबी घरात आणली, हे खरं. न्हाणीघराचं दार लावून सोलली, हेही खरं. पण खाल्ली नाही! ती खेकड्यासाठी होती. (हे मी आमच्या मसोली गावात ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "सावरा स्वतःला" म्हटलं आहे.)

सुनंदा, माझी बायको, मूळची समुद्रकाठच्या वरोरची. खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून तिने घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. टाकीत एक सच्छिद्र दगड. त्याला जिवंत दगड म्हणतात, कारण त्याच्या भोकाभोकांत किडे, शेवाळ, गोगलगायी असा सगळा संसार असतो आणि तोच पाणी स्वच्छ ठेवतो. दगडासमोर एक नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे. दिवसभर एका कोपऱ्यात नुसती तोंडाची उघडझाप. सुनंदा म्हणायची, "अगदी तुमच्यावर गेलाय." दवाखान्यात तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. "माझ्या माशाला सांभाळा," एवढंच.

आणि ती जाऊन दोन-तीन दिवस होतात न होतात, तोच माशाची शेपटी कुरतडलेली! दगडाच्या भोकात दोन डोळे. खेकडा! दगडाबरोबर चोरून आलेला, इतके दिवस गप्प बसलेला, आणि मालकीण गेल्याबरोबर (काय म्हणावं या नीचपणाला!) डल्ला मारणारा.

मी ग्रंथपाल. पुस्तक काढलं. उपाय सोपा होता. दगडाला टेकवून काचेचा पेला तिरपा ठेवायचा, तळाशी कोळंबीचा तुकडा. वासाने खेकडा आत घसरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला परत चढता येत नाही. दगडही सुखरूप, खेकडाही. अट एकच, अंधार आणि शांतता. आणि आमच्याकडे तर भेटायला येणाऱ्यांची रीघ! एक बसलेला उठला की दुसरा बसायचा.

घराचा ताबा सुनंदाच्या मावशींकडे होता. त्यांचा जन्म वरोरच्या बाजारात मासळी विकण्यात गेलेला. बाराव्यापर्यंत घरात मासळी नाही, म्हणून त्या वरणभातावर होत्या आणि त्या वरणाकडे खुनशी नजरेने बघत होत्या. अशा घरात मी कागदात कोळंबी गुंडाळून मागच्या दाराने शिरलो आणि थेट न्हाणीघर गाठलं. लगेच दार वाजलं.

"जावई, आत काय करता?"

"हात धुतोय."

"कोळंबीनं?"

दार उघडावं लागलं. माझ्या हातात सोललेली कोळंबी, आणि मावशींच्या मागे घोलवडहून चिकू घेऊन सांत्वनाला आलेले पाहुणे!

"खेकड्याला देतोय," मी म्हटलं.

"कुठाय खेकडा?"

"दगडात."

सगळे टाकीसमोर जमले. एरवी डोळे वटारून बसणाऱ्या त्या खेकड्याचा आता पत्ता नाही!

"फोडा मग दगड," मावशी म्हणाल्या. "वरवंटा आणू?"

"नको! दगड जिवंत आहे!" मी ओरडलो.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने हळूच विचारलं, "रात्री झोप लागते ना?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "बसा सगळे! पडदे ओढा! एकानेही बोलायचं नाही!" वाचनालयात जन्मभर माझं हे वाक्य कुणी मानलं नाही. त्या दिवशी मानलं.

कोळंबी टाकलेला पेला मी दगडाला टेकवला आणि भर दुपारी अंधार करून आम्ही बसलो. सुनंदा गेल्यापासून घर पहिल्यांदाच गप्प झालं. टाकीतल्या पंपाची बुडबुड तेवढी ऐकू येत होती. ती ऐकत सुनंदाला झोप लागायची. ही सगळी माणसं येऊन बडबडत होती ते किती बरं होतं, हे मला तेव्हा कळलं. मावशींनी माझा हात घट्ट धरला. मला भरून आलं.

"आला बघा मेला!" त्या कानात म्हणाल्या.

खेकडा तिरका तिरका पेल्याच्या काठावर आला, थबकला, आणि घसरला. टुक्! मी पेला उचलला.

खेकडा अंगठ्याच्या नखाएवढा.

"हा?" मावशी कडाडल्या. "ह्यानं तर कालवणाला वासपण नाय येणार! ह्याला एवढी मोठी कोळंबी? आणि मी इथं वरण गिळते!"

माशाची शेपटी भरून आली. खेकड्याला मारायला माझा हात सुतकात धजला नाही आणि सुतक फिटल्यावरही धजला नाही. तो आता वेगळ्या बरणीत ऐटीत राहतो. सुनंदा होती तोवर मी घरात साधा चहा कधी केला नाही. आता कोळंबी आणतो, सोलतो, धागा काढतो, बारीक बारीक तुकडे करतो. खेकड्याचं पोटभर जेवण झालं, की मग मी स्टेशनवर जाऊन उभ्या उभ्या वडापाव खातो.