पाचाची तार

माझ्यासारख्याने एखाद्या माणसाविषयी चार ओळी लिहायला घ्याव्यात, हे माझं मलाच धाडस वाटतं. आमच्या भाजे गावातल्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची चौथी ओलांडली नव्हती. मी कॉलेजात गेलो खरा, पण लिहिण्याचा सराव प्रयोगवहीपुरताच. शिवाय हे वाचून झाल्यावर तुम्ही म्हणाल, याने तरी गप्प राहायला हवं होतं. ते बरोबरच आहे. तरी लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

"गुनलं का?"

हा त्यांचा प्रश्न. मान वर न करता, हातातलं काम न सोडता विचारलेला. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणे. मूळचे आंबी गावचे. आधी रेल्वेच्या तारखात्यात होते. ते सोडून लोणावळ्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान घातलं होतं. तुमच्यापैकी कुणी लढाईच्या वर्षांत त्या बाजारातून गेलं असेल, तर कळकट काचेमागे वाकून बसलेला एक उंच माणूस पाहिलाही असेल. डाव्या हाताची दोन बोटं कायमची मिटलेली. कुणी विचारलं तर ते म्हणत, "एकडाव गुनायचं ऱ्हायलं."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो आमच्या गावच्या पाटलांचा सेट घेऊन. लोणावळ्यात वीज होती. आमच्या शेतांवरूनही विजेच्या जाड तारा मुंबईकडे जात, पण आमच्या घरांत रॉकेलच. म्हणून खेड्यातले रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बॅटरी संपली की दुकानात येत. भाऊ सेटला हात लावण्याआधी म्हणत, "थांब. आदी तहान बगू."

तहान म्हणजे सेट बॅटरीतून किती वीज ओढतो ते. भाऊंकडे तळहाताएवढा काळा मीटर होता. काचेआड सुई, शून्य ते दहा आकडे. बॅटरीची एक तार सोडवायची आणि मीटर मधे, वाटेत बसवायचा. सेट जे पिईल ते सगळं मीटरमधून जातं, आणि सुई तेवढी हलते. पण धड सेट दहाच्या आसपास पितो, म्हणजे सुई पार टोकाला. म्हणून भाऊंनी बांबूच्या काडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळून ती मीटरच्या दोन्ही खुंट्यांना आडवी जोडली होती. पाचातले चार वाटे त्या तारेतून निघून जात, एक मीटरमधून. सुई दोनवर थांबली, तर खरा आकडा दहा. ही पाचाची तार. मीटरवर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त भाऊंना ठाऊक होतं, आणि पुढे मला.

कॉलेजात हाच धडा इंग्रजीतून चालला होता आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. भाऊंनी तो मला अर्ध्या तासात समजावला. मग प्रत्येक सुट्टीत मी तिथे जाऊन बसू लागलो. ते मला 'कॉलेज' म्हणत.

"काय कॉलेज, किती?"

"तीन, भाऊ."

"गुनलं का?"

"पंधरा, भाऊ."

"आदी तीन म्हनलास. तेवढ्यात मानूस मरतो."

आणि ती दोन बोटं माझ्यासमोर धरत.

एकदा पाटलांची बॅटरी तीन महिने चालायची ती सव्वा महिन्यात बसली होती. पाटील स्वतः आले होते. म्हणाले, "म्या फकस्त बातम्या ऐकतो, अर्धा तास. त्येच्यापेक्षा जास्त न्हाई."

भाऊंनी तहान पाहिली. बरोबर दहा. सेटचा दोष नव्हता. म्हणजे पाटील शेतावर असताना कुणीतरी दुपारभर रेडिओ ऐकत होतं, आणि त्या घरात दुपारी पाटलीणबाईंशिवाय कुणी नसे. भाऊंनी मीटर सोडवून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पाटील, बॅटरी जुनी निगाली बगा. दुकानदारानं फशिवलं."

पाटील गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, पण बॅटरी तर नवी होती."

ते हसले. "कॉलेज, तू लय खरा हाईस."

मला ती शाबासकी वाटली. पुढच्या खेपेला पाटलीणबाईंनी माझ्याबरोबर नव्या तांदळाची पुरचुंडी धाडली, तेव्हा कुठे मला त्यातलं थोडं समजलं. सगळं नाही समजलं, हे आता कळतं.

एकदा मी विचारलं, सगळ्यात जास्त तहान कुठल्या सेटला? भाऊ म्हणाले, "ऐकनाऱ्याला थोडं पुरतं. बोलनाऱ्याला लय लागतं." नुसता ऐकायचा सेट दहा-बारा पितो. त्यातूनच बातमी बाहेर धाडायची असेल, तर आत एक दिवा, म्हणजे रेडिओचा व्हॉल्व्ह, जास्तीचा लावावा लागतो, आणि तहान तिपटी-चौपटीने वाढते. बाहेरून काही दिसत नाही. सुईला मात्र दिसतं. एवढं बोलून ते उठले आणि दुकानाचं दार पुढे लोटून आले. भर दुपारी. दार का लोटलं, हे मी विचारलं नाही.

बेचाळीसच्या भाद्रपदात कॉलेज बंद पडलं होतं आणि मी घरी होतो. घाटात दोनदा तारा तोडल्या गेल्या होत्या. स्टेशनावर बंदूकवाले शिपाई आले. लोक बोलताना आधी मागे वळून बघत. भाऊंच्या दुकानात येणारे कमी झाले. तळेगावचे एक चित्रकलेचे मास्तर तेवढे येत. सेट छत्रीखाली धरून आणत, आणि ते आले की भाऊ मला चहा सांगायला पिटाळत. मला वाटे, भाऊ मास्तरांचा मान ठेवतात.

मग एका सकाळी पोलिसांनी तालुक्यातले रेडिओ अचानक गोळा केले. कचेरीच्या पडवीत टेबलावर ओळीने मांडले. मालक समोर उभे. भाऊंना मीटर घेऊन बोलावलं होतं, आणि आकडे टिपायला त्यांनी मला नेलं. निघताना म्हणाले होते, "मी बोलंन ते लिव्हायचं. दुसरं काय न्हाई." फौजदार खुर्चीत बसले होते. त्यांना वरून एवढंच कळवलं होतं, की ऐकायचा सेट वीसच्या वर पीत नाही. पीत असेल तर सेट आणि मालक दोन्ही ठेवून घ्यायचे.

भाऊ एकेक सेट लावत होते. सुई दोनवर, भाऊ म्हणाले, "दहा." मी लिहिलं. सुई दोनच्या किंचित पुढे, भाऊ म्हणाले, "अकरा." सगळं पाचाने गुणून, मनातल्या मनात, झटझट. पाटलांचाही सेट होता. त्यालाही दहा. पाटील हळूच म्हणाले, "सुटलो बाबा."

पाचवा सेट मास्तरांचा. मास्तर खांबाला टेकून उभे होते. भाऊंनी तार सोडवली, मीटर बसवला, बटण फिरवलं. सुई सरसर चढली आणि आठवर थांबली.

"आठ," भाऊ म्हणाले, आणि बटण बंद केलं.

इथे मी क्षणभर थांबतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, भाऊ विसरले. इतक्या महिन्यांत मीच विसरत होतो, आज ते विसरले. खरं सांगायचं तर मला थोडा आनंद झाला. फौजदारांसमोर, पाटलांसमोर, मला काहीतरी येतं हे दाखवायची संधी होती. मी टाक थांबवला आणि म्हणालो, "भाऊ, गुणायचं राहिलं."

भाऊ माझ्याकडे बघत नव्हते, मीटरकडे बघत होते.

फौजदार म्हणाले, "काय राहिलं?"

तोवर मला कळलं होतं. मी मास्तरांकडे पाहिलं, त्यांचा हात खांबावरून खाली आला होता. मी म्हणालो, "काही नाही, साहेब."

"काय राहिलं, विचारतोय."

फौजदार उठून आले, मीटर उचलला आणि काडीवरच्या त्या तारेला बोट लावलं. "हे काय आहे?"

भाऊंनी मला उत्तर द्यायची वेळ येऊ दिली नाही. "पाचाची तार हाय साहेब. आकडा पाचानं गुनायचा. चाळीस व्हत्यात." मग माझ्याकडे वळून, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "लिव्ह. चाळीस."

मी लिहिलं. तो कागद माझ्या अक्षरातला होता.

मास्तरांना आणि भाऊंना एकाच गाडीतून नेलं. मास्तरांच्या सेटमधला तो जास्तीचा दिवा भाऊंनीच बसवला होता, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं. मीटरही पुराव्यात गेला. पाटील मला बैलगाडीतून घरी घेऊन आले. त्यानंतर ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

मी भाऊंना तुरुंगात दोन पत्रं पाठवली. पहिल्यात नुसती खुशाली विचारली. जे लिहायचं होतं ते लिहायला हात धजला नाही. ते दुसऱ्या पत्रात लिहिलं, पण त्याला पुढचं सगळं वर्ष गेलं. एकाचंही उत्तर आलं नाही. मी परीक्षा दिली, पास झालो. विषय तोच, वीज.

मास्तर सुटले ते मला ठाऊक नव्हतं. पुढे एकदा तळेगाव स्टेशनच्या बाकावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. जवळ आले आणि म्हणाले, "तुम्हीच ना कॉलेज?"

मी हो म्हटलं.

"भाऊ तुमची आठवण काढायचे. हसत काढायचे, रागाने नाही. म्हणायचे, गुनायला शिकवलं पोराला, पन कवा गुनायचं न्हाई ते सांगायचं ऱ्हायलं."

मी विचारलं, "माझी पत्रं मिळाली त्यांना?"

मास्तर बाकावर बसले. मलाही बसायची खूण केली.

"पहिलं मिळालं," ते म्हणाले. "उशीखाली ठेवायचे. दुसरं आलं, त्याच्या आदल्या आठवड्यात भाऊ गेले."