गाऱ्हाणं कोण घालणार?

आमचे बाबा देवाशी भांडायचे. परळच्या मिलमध्ये ते साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्या खडखडाटाने कान निम्मे गेलेले, त्यामुळे बोलणं मोठ्याने. सणावाराला, कुणी गावी निघालं की, देवासमोर नारळ ठेवून ते गाऱ्हाणं घालत. लालबागला आमच्या चाळीत सगळी कोकणातलीच बिऱ्हाडं, तेव्हा ही रीत घरोघरी होती. "बा देवा म्हाराजा, मोडकीतोडकी सेवा केली ती गोड मानून घे रे म्हाराजा!" ते म्हणायचे. मागे उभे राहून आम्ही भावंडं ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" मग एकेकासाठी मागणं सुरू. बाबा मागताना देवाला दटावायचे, आणि आम्ही तोंडात पदर, सदरा, मिळेल ते कोंबून हसायचो.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली तेव्हा थोरला भाऊ नुकताच मिलला लागला होता. मोर्चाला निघाला, तर बाबांनी त्याला दारातून मागे बोलावलं. "थांब रे, घाई कसली?" त्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. सुखरूप घराक आण, असं अगदी स्पष्ट सांगितलं. आम्हीही घसा फाडून होकार दिला.

त्या दुपारी गोळीबार झाला. त्याला आणलं ते चौघांनी उचलून.

पुढे बरेच दिवस माणसं येत होती. हार घालत, आईचे पाय धरत. हुतात्म्याची आई म्हणजे केवढं भाग्य, म्हणत. चुलीत गेलं ते भाग्य! मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. आई बिचारी सगळ्यांना चहा करून द्यायची. बाबा भिंतीकडे बघत बसायचे. ते रडले नाहीत. मिलची पाळी चुकवली नाही, जेवणावर रागावले नाहीत, फक्त देवासमोर उभं राहणं बंद केलं. आई दिवा लावायला लागली की ते चपला घालून खाली जात. तिला मुलाच्या जाण्याइतकीच याची धास्ती बसली होती. हा माणूस आतल्या आत सुकून जाईल, असं ती मला म्हणायची.

वर्षभर सण नव्हते. वर्ष सरलं आणि पुढचा गणपती आला. मूर्ती बाबांनीच आणली, कारण कुळाचार मोडायचा नसतो. आरतीला उभे राहिले, टाळ्याही वाजवल्या. पण गाऱ्हाण्याची वेळ आली तसे दाराकडे वळले.

"अवो, पोरां उभी आसत," आई म्हणाली.

"थोरल्याच्या येळेक काय बोललंय मी? सुखरूप आण म्हणून बोललंय. आणल्यान?" त्यांचा आवाज अख्ख्या चाळीला गेला असेल. "आता तेच्याकडे माका काय एक मागूचा नाय." आणि ते गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून, पाठ करून उभे राहिले.

नारळ तसाच. आमच्याकडे बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. कुणी मनाई केली होती असंही नाही, पण बायका घालत नव्हत्या खऱ्या. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि पुढे झाली. तिला आमच्यातल्या कुणाकडे बघवत नव्हतं.

"बा म्हाराजा, माका ह्यांच्यासारख्या बोलूक येणा नाय. चुकला तर पदरात घे." आवाज इतका बारीक, की मला वाटलं बाबांना ऐकूच जाणार नाही. "माझो थोरलो झील तुझ्याकडे इलो. तो लाजरो आसा. भूक लागली तरी तोंडान मागूचो नाय. तेका इचारून जेवक वाढ रे म्हाराजा."

आता आम्ही ओरडायला हवं होतं. धाकटी माझा हात ओढत होती, मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मेल्या माणसासाठी देवाकडे होकार कसा द्यायचा, तेच कळेना. आई तशीच हात जोडून वाट बघत राहिली.

"व्हय म्हाराजा," गॅलरीतून बाबा म्हणाले. मग कठड्याशी खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.