टाचेवरचा काळा डाग

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत पायात काटा मोडला की आमच्याकडे बाया बिबा काढतात. सुई बिब्यात टोचून दिव्यावर धरायची, तेल सुटलं की जखमेवर चटका द्यायचा. कातडी काळी पडते, ठणका थांबतो, बाई पुन्हा बांधीत, धानाच्या चिखलात, उतरते. काही आठवड्यांत ती कातडी निघते आणि डागही जातो.

मागच्या रोवण्यात मायच्या डाव्या टाचेवर पडलेला डाग गेला नाही. म्हणून शेजारच्या काकीनं त्यावर आणखी एकदा बिबा लावला. मग आणखी एकदा. काळ्यावर काळं चढत गेलं; त्यातलं बिब्याचं कुठलं आणि आतून येणारं कुठलं, हे कुणालाच कळेना. काकीला मी दोष देत नाही. काटा काढायला सिंदेवाहीचा डॉक्टर बांधावर येत नाही.

दोष माझा आहे. बाबा होते तोवर अंधश्रद्धेविरुद्धच्या प्रत्येक सभेतून पत्रकं आणायचे. मी वाचायला त्यांवरच शिकले, पुढे लिहायलाही लागले. बिब्याच्या अडाणीपणावरचं माझं पत्रक तालुकाभर वाटलं गेलं होतं. माय म्हणाली, "पोरी, हा डाग पसरून राह्यला वो," तेव्हा पाय न बघताच मी म्हणाले, "बिबा लावणं बंद कर, जाईल." माझं उत्तर आधीच छापून तयार होतं.

चंद्रपूरचा कातडीचा डॉक्टर माझ्याही वरचढ निघाला. खुर्चीतून न उठता त्यानं "कुरूप आहे" असं सांगितलं, मशीननं ते जाळलं आणि तुकडा तपासायला न पाठवता बादलीत टाकला. काकीच्या सुईत आणि त्याच्या मशीनमध्ये फरक एवढाच, की काकीनं आधी पाय धुतला होता.

ते पुन्हा उगवलं, त्यातून रक्त येऊ लागलं. नागपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी मात्र मायचा पाय मांडीवर घेतला, भिंगातून पाहिला, तुकडा काढून तपासायला पाठवला. मेलानोमा निघाला. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, त्यातही तळपायावर होणारा, क्वचित आढळणारा. त्यांनी कागदावर टाचेचं चित्र काढून समजावलं. गाठ भोवतीच्या चांगल्या कातडीसकट काढायची, खड्डा मांडीच्या कातडीनं भरायचा. जांघेतली पहिली ग्रंथी रंग टाकून शोधायची आणि तपासायची. आजार तिथं पोचला असेल तर प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं सलाईनमधून. पण तळपायाच्या या प्रकारावर ती कमी चालतात. केमोचा फारसा उपयोग नाही. रेडिएशन नंतर, गरज पडली तर. "मुख्य इलाज कापणं हाच आहे. आणि लवकर."

घरी आलो तर आरमोरीहून मामा येऊन बसलेला, हातात वैदूची पुडी.

"कॅन्सरले लोखंड लागलं का तो भडकते," तो म्हणाला. हा माणूस शाळेत विज्ञान शिकवतो. "भाऊजी असते तं त्याईनं कापूच देल्लं नसतं." मेलेल्या माणसाचं मत सांगायला त्याला काहीच अडचण नव्हती.

मी तासभर ओरडले. माय तांदूळ निवडत होती.

"झालं का?" ती म्हणाली. "एक जण पुडी घेऊन बसला, एक जण पत्रक. माह्या पायाकडे कोणीच पाहून नाई राह्यलं."

तरी पुडी तिनं घेतली. "रोवणा होऊ दे," म्हणत दवाखान्याची तारीख दोनदा टाळली. मामाला तो आपला विजय वाटला, मला माझा पराभव. तिला काय वाटत होतं, हे आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकानंही विचारलं नाही. मग एका सकाळी बांधावरून येताना तिच्या चपलेत रक्त साचलं. तिनं स्वतःच पिशवी भरली.

नागपूरला नर्सनं संमतीचा कागद सरळ मामाच्या हातात दिला. आजार कुणाचाही असो, कागद पुरुषाकडे जातो. मामानं तो घडी करून खिशात घालायला घेतला.

"बाई, अजून थोडं थांबून पाहू ना," तो मायला म्हणाला.

"आण इकडे. टाच तुही नाई," माय म्हणाली आणि डॉक्टर बाईंकडे वळली. "टाच गेल्यावर बांधीत उभी राहीन का मी?"

"चिखलात बहुतेक नाही. चालाल मात्र."

"अन् नाई कापली तं?"

"तर हे वर चढेल."

"आधीच चढलं असल तं?"

"ते कापल्यावरच कळेल."

मायनं मला सगळा कागद मोठ्यानं वाचायला लावला, दोन ठिकाणी थांबवलं, आणि सही केली.

"कधी?"

"सोमवारी."

"मंग मले आजच खाट द्या. घरी गेली तं हे लोकं पुन्हा बैठक बसवतीन."

'हे लोकं' म्हणताना तिनं मामाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.