ओवीनं ब्रिज गिळला

सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी कशी माहीत म्हणाल, तर पार्सल मिळाल्याचा मेसेज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे अन् मी तो मुद्दाम पुसला नाही. त्या दिवशी मी जे करून बसले, ते ऐकून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधात थांबवू नका.

पार्सलमध्ये आमच्या ह्यांच्या गिटारीचा नवीन ब्रिज होता. ब्रिज म्हणजे गिटारीच्या पोटावरची ती लोखंडी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. हे दिवसा मलकापूरला सरकीच्या दुकानात असतात अन् लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमाला गिटार वाजवतात. गिटार विजेवरची, जुनी घेतलेली, अन् अंगानं तिरपी. म्हणजे कंबर एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली, जशी बाई कडेवर लेकरू घेऊन उभी राहते.

या तिरप्या गिटारीची खोड अशी, की तिचा ब्रिज दोन पायांवर नुसता ठेवलेला असतो. जोरात वाजवलं की डुलतो, अन् तार आपल्या खाचेतून उडी मारते. सोनाळ्याच्या हळदीत तीनदा उडाली. तिसऱ्यांदा नवरदेवाचा मामा म्हणाला, "ह्याले आधी जेवाले घाला बे, तार आवरत नाई ह्याच्यानं."

घरी येऊन ह्यांनी दोन दिवस गिटारीची पेटी उघडली नाही. मग खोल खाचांचा नवीन ब्रिज मागवला. मला बजावून गेले, "पार्सल आलं तर हात लावू नको. मी बुलडाण्याच्या कारागिराकडून बसवून आणतो."

हात लावू नको. का? मी सातवी शिकलेली म्हणून? शिलाई मशीन पुरी खोलून, तेल देऊन परत जोडते मी. गावातले निम्मे ब्लाउज माझ्या हातचे आहेत. लावला हात.

तारा ढिल्या केल्या. जुना ब्रिज उचलला, तर भाकरीवरचा पापुद्रा निघावा तसा अलगद निघाला. नवीन त्याच दोन भोकांत ठेवला, तर तोही डुलला. आता मशीनचा पाय डुलला तर आपण काय करतो? खाली कापडाची घडी देतो. मी अस्तराच्या दोन बारीक पट्ट्या कापल्या, ब्रिजच्या दोन्ही पायांना गुंडाळल्या अन् दाबून बसवला. जागचा हलेना. इतकं साधं काम, अन् त्यासाठी हे बुलडाण्याला जाणार होते.

इथंच थांबायला पाहिजे होतं, कबूल आहे. पण तारा ताणल्यावर एक तार खाली घासून करकर करायला लागली. प्रत्येक तारेखाली दोन-दोन बारीक स्क्रू असतात, त्यांनी तार वर-खाली होते. मी एक स्क्रू उलटा फिरवला असेल, कारण तो निघूनच आला. ज्वारीच्या दाण्याहून बारीक. तिथंच गिटारीच्या अंगावर, तारांच्या बाजूला ठेवला. तेवढ्यात आमची ओवी रांगत आली अन् गिटारीला धरून उभी राहिली. अकरा महिन्यांची आहे. तिला उचलून बाजूला बसवलं अन् वळून पाहिलं, तर स्क्रू नाही.

आता माझा स्वभाव सांगते. मी काळजीची बाई आहे. ओवीला दोन शिंका आल्या तरी दृष्ट काढते. मागच्या महिन्यात घोड्याच्या नालाचा लोखंडी छल्ला आणला होता, तिच्या करदोड्यात बांधायला. हे म्हणाले, "पोरगी गिळून टाकीन, फेक ते." विषय तिथंच मिटला.

तर स्क्रू. माझ्याकडे जुन्या स्पीकरचा चुंबक आहे, खाली सांडलेल्या सुया वेचायला. पुऱ्या खोलीत फिरवला. तीन सुया निघाल्या, ब्लाउजचे दोन हूक निघाले, स्क्रू निघाला नाही. ओवीकडे पाहिलं तर तिचं तोंड हलत होतं. उघडून पाहिलं, रिकामं. म्हणजे गेला पोटात.

तरी मी परत फरशीवर वाकून शोधायला लागले. सासूबाई आतून आल्या.

"काय शोधून राह्यली वं?"

"आई, ओवीनं स्क्रू गिळला."

"कायचा?"

"गिटारीचा."

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, ते वाकडं लाकूड घरात नको," म्हणाल्या अन् केळ सोलायला लागल्या. केळ्यात गुंडाळून सगळं बाहेर येते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आधी खात्री करू. अन् खात्री कशी करावी? चुंबक हातातच होता. ओवीच्या पोटाला लावला.

टक.

चिकटला. बेंबीच्या जरा खाली. ओढला तर सुटेना, अन् ओवी खुदूखुदू हसून राह्यली. सासूबाईंच्या हातातलं केळ खाली पडलं.

मी ह्यांना फोन लावला. घाईत तोंडातून निघालं ते असं, "ओवीनं तुमचा ब्रिज गिळला."

"अख्खा?"

"त्यातला स्क्रू. चुंबक चिकटून राह्यला पोटाले."

"चुंबक? तू दवाखान्यात नीघ, मी येतो."

ऑटोत बसून मलकापूरला गेले. रस्ताभर एका हातानं ओवी धरली, दुसऱ्या हातानं तिच्या पोटावर चुंबक, की स्क्रू जागचा हलायला नको. ऑटोवाला आरशातून पाहत होता. शेवटी म्हणालाच, "वहिनी, लेकराले काय चिकटवून राह्यल्या?" मी म्हटलं, "तुमी समोर पाहा." माझ्या डोळ्यांपुढे पोरीचं ऑपरेशन दिसत होतं.

डॉक्टर वयस्कर. शांतपणे विचारलं, "गिळताना पाहिलं का ताई?"

"नाई पाहिलं. पण पुरावा हाये."

मी चुंबक लावून दाखवला. टक. डॉक्टरांनी चष्मा वर केला. स्वतः ओढून पाहिला. नर्सला बोलावलं, तिनं ओढून पाहिला. दोघं एकमेकांकडे पाहायला लागले, अन् मला वाटलं, पाहा, शिकलेली माणसंसुद्धा चाट पडली.

मग डॉक्टर म्हणाले, "हिचे कपडे काढा."

झबलं काढलं. चड्डी काढली. चुंबक चड्डीसोबत निघून आला.

ओवी टेबलावर उघडी, हसून राह्यली. डॉक्टरांच्या हातात चुंबक, अन् चुंबकाला चड्डी लटकलेली. नेमके त्याच वेळेला हे धापा टाकत दारात आले. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा चड्डीकडे. मग चड्डी हातात घेऊन नेफा चाचपला.

"हे काय हाये वं?"

मी ओवीला झबलं घालायला लागले.

"हा छल्ला तू फेकला होता ना?"

"करदोड्यात नाई बांधला," मी म्हटलं. "नेफ्यात शिवला. दुहेरी शिलाई मारली. गिळूच शकत नाई ती. तुमाले तेच तर भेव होतं ना?"

नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "छल्ल्याचं कळलं. पण स्क्रू कुठं आहे?" त्यांनी एक्स-रे काढून घेतला. ती काळी काच उजेडात धरली. पोट साफ. स्क्रू नाही, काही नाही. मी तिथंच खाली बसून रडले. ते मात्र हसण्यावारी नेऊ नका.

घरी आल्यावर ह्यांनी गिटार उचलली. तारांच्या खाली सहा गोल ठिपके असतात, रुपेरी. मला वाटायचं शोभेसाठी आहेत. ह्यांनी चौथ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाये?"

स्क्रू. ठिपक्यावर ठिपका होऊन बसलेला.

"ह्या ठिपक्याइत चुंबक असते. तुह्या चुंबकापेक्षा चांगला." एवढंच बोलले. मग त्यांनी ब्रिज हलवून पाहिला. हलला नाही. जोरात वाजवून पाहिलं. तार उडाली नाही. ब्रिजच्या पायाजवळून गुलाबी अस्तराचा एक धागा बाहेर आला होता, तो पाहिला अन् गिटार पेटीत ठेवली. बुलडाण्याला गेले नाहीत. तो स्क्रू मीच परत बसवला, अन् करकरही गेली.

रोहिणखेडच्या हळदीला मी ओवीला घेऊन पहिल्या रांगेत बसले. दोन घंटे वाजवलं ह्यांनी, एक तार जागची सरकली नाही. कार्यक्रम झाल्यावर ढोलकीवाल्या भाऊंनी विचारलं, "कोणी बसवला बे हा ब्रिज?"

हे म्हणतात, "बुलडाण्याचा एक कारागीर हाये."

मग मी गप्प बसेन? उभी राहिले अन् चारचौघांत म्हटलं, "कारागीर इथं बसली हाये. अस्तर माह्या घरचं हाये अन् डोकंबी माहंच."

ढोलकीवाले भाऊ जवळ आले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे चड्डीले चुंबक लावणाऱ्या त्या वहिनी तुमीच का?"

त्या ऑटोवाल्याचे ते साडू निघाले, अन् ऑटोवाल्यानं दवाखान्याच्या दारात थांबून सगळं ऐकलं होतं.

तर गोष्ट पसरलीच आहे, पण अर्धीच पसरली आहे. म्हणून तुम्हाला विनंती, पुरी पसरवा. जिथं कुठं तिरप्या गिटारीची तार उडत असेल तिथं सांगा, की ब्रिजच्या पायांना अस्तराची पट्टी गुंडाळा अन् ही युक्ती सातवी शिकलेल्या बाईची आहे म्हणा. स्क्रू हरवला तर आधी त्या सहा ठिपक्यांवर पाहा. लेकरावर संशय आला तर दवाखान्यात जा, लोक हसले तरी जा. अन् चुंबक लावायचाच असेल, तर आधी चड्डी काढा.