दादाची स्टोअरमधली नोकरी

माझा दादा वीस वर्षं आईशी खोटं बोलला. आणि मी त्यात सामील होते.

दादा आज सकाळी गेला. चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन, घरी, स्वतःच्या पलंगावर.
आता सांगून टाकते.

मध्यभारत राज्य होतं तेव्हा. होळकरांच्या फौजेतले आमचे बाबा लढाईवर गेले ते परतलेच नव्हते. दादा सैन्यात निघाला तेव्हा आईने बजावलं, "सामानाच्या स्टोअरमध्ये काम मिळत असेल तर जा. बंदूक नको."

दादा हो म्हणाला. आणि थेट पॅराशूटवाल्यांत भरती झाला!

पहिल्या सुटीत गच्चीवर पापड वाळत घालताना मला एकटीला सांगितलं. मी दहा वर्षांची.

"कुसुम, उडी मारली की आधी नुसता वारा. मग वरून झटका. आणि मग इतकं शांत, इतकं शांत... शेतं हळूहळू मोठी होत येतात."

"भीती नाही वाटत?"

"विमानाच्या दरवाज्यात वाटते. आईला बोललीस तर बघ हं!"

कितीतरी दिवस मी झोपेत तरंगायची. खाली जवळच्या सांवेरचे गहू, होळकरांचा राजवाडा, आमची गच्ची. गच्चीवर आई, इवलीशी.

पुढे, आजकाल ज्यांना स्पेशल फोर्सेस म्हणतात ना, त्या पहिल्या कमांडोंत दादा गेला.
पत्रात मात्र तेच. "आई, स्टोअरमध्ये मजेत आहे."

मग लढाईत शत्रूच्या हद्दीतून जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन आला. मेडल मिळालं. पेपरात फोटो.

शेजारचे शर्माजी पेढे घेऊनच आले. "बधाई हो माँजी! आपका बेटा तो हवाई जहाज से कूदता है!"

आईने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

दादा सुटीवर आला तर आईचा चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी वाढता वाढता फुटली.

"मेल्या, वीस वर्षं मी देवीकडे तुझं प्रमोशन मागत बसले रे! जीव कधी मागितलाच नाही!"

मेडलवाला दादा ताटावर ढसाढसा रडला.

मी म्हटलं, "आई, मी मागत होते. रोज."

आई माझ्याकडे वळली. "एवढीशी होतीस गं तू," म्हणाली आणि मला जवळ घेतलं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मागायचो. आईनंतर मी एकटी. रिटायर झाल्यावर दादा हसायचा, "अब तो बस कर यार, आता फक्त गुडघे दुखतात."

आज सुतक. देवाला हात लावायचा नाही.
लांबूनच उभी राहिले. सवयीने तोंडून निघालं, "देवी, माझ्या दादाला सांभाळ."

जीभ चावली.

मग म्हटलं, असू दे. अजूनही सांभाळ.

दादा, अखेरचा नमस्कार.
तुझी कुसुम